डायलिसिसच्या पेशंटला ‘ऐकत नाही’ म्हणायच्या आधी

किडनी गेली म्हटलं की आपल्याकडे लोकांना बरंच काही माहीत असतं, क्रिएटिनीन किती झालं, पायावर सूज आहे का, पोटॅशियम वाढतं म्हणून संत्री बंद (नागपुरात राहून संत्री बंद, म्हणजे घरात आलेली टोपली नुसती बघायची), मीठ कमी, पाणी मोजून. पण डोक्याचं कोणी सांगत नाही. किडनीच्या जुन्या आजारात माणसाचं लक्ष, विचार करायचा स्पीड, हिशोब, हातात घेतलेलं काम एकामागून एक स्टेप करत पूर्ण करणं, हे सगळं हळूहळू उतरत जातं, अन् त्याच वयाच्या बाकी लोकांपेक्षा जास्त उतरतं. हे ना ओपीडीत कोणी बोलतं ना डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं.

मी नागपुरात डायलिसिस टेक्निशियन आहे, बरीच वर्षं हेच काम करते. डॉक्टर राउंडला येतात, बीपी बघतात, रिपोर्ट बघतात, दोन प्रश्न विचारतात अन् पुढच्या बेडवर जातात, त्यांच्याकडे तेवढाच वेळ असतो. घरचे बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असतात. आम्ही मात्र त्याच माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं बघतो. त्यामुळे बदल आम्हाला आधी दिसतो, अन् म्हणूनच हे लिहून राहिली आहे.

एका काकाजींचं सांगते. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.) इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात आयुष्यभर हिशोब लिहिलेला माणूस. काट्यावर चढायच्या आधी खिशातला मोबाइल, किल्ल्या, चष्म्याची डबी, सगळं काढून खुर्चीवर ठेवायचे, चपला एका बाजूला, अन् मला आकडा वाचूच द्यायचे नाहीत. “साडेसाठ. ड्राय वेट अठ्ठावन. अडीच झाले. वॉशबॅकचे तीनशे धर, मधात चहा पिणार आहे त्याचे शंभर, दोन हजार नऊशे टाक बेटा.” (ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, वॉशबॅक म्हणजे शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन.) मी मशीनवर यूएफ, म्हणजे किती पाणी ओढायचं तो आकडा, तेवढंच टाकायची, कारण त्यांचा हिशोब कधी चुकतच नव्हता. नवीन पोरं ट्रेनिंगला आली की मी सांगायची, यूएफ कसं काढतात ते काकाजींना विचारा.

मग एका दिवाळीच्या आसपास ते आकडा वाचून थांबायला लागले. साडेसाठ म्हणायचे अन् माझ्याकडे बघायचे. थोड्या दिवसांनी “तूच टाक” सुरू झालं. थकले असतील, हिमोग्लोबिनही कमीच होतं, असंच सगळ्यांना वाटलं. मग एक दिवस ते हातात पिशवी घेऊनच काट्यावर चढले, पायात चपला, पिशवीत पाण्याची बाटली, डबा, फाइल. मी पिशवी घेतली तर सव्वादोन किलो कमी झालं. विचार करा, ते सव्वादोन किलो पाणी समजून मशीनने ओढलं असतं तर बीपी पडून माणूस बेशुद्ध. रोज करायची साधी गोष्ट, पण तिच्यात पाच-सहा स्टेप आहेत अन् त्यांचा क्रम आहे, अन् तो क्रमच सुटला होता.

मुलाला बोलावून सांगितलं तर तो म्हणे, “नाही मॅडम, बाबांची मेमरी तं एकदम कडक आहे, परवाच मारबतीचं सांगून राहिले होते, कोणत्या साली मिरवणूक कुठून निघाली, बडगे कोणाकोणाचे होते, सगळं तोंडपाठ.” अन् ते खरंच होतं! मशीनवर पडल्या पडल्या काकाजी मला जुन्या इतवारीतल्या एकेका गोदामाचं नाव सांगायचे. म्हणूनच घरचे फसतात. आपल्या डोक्यात विसरभोळेपणा म्हणजे जुनं न आठवणं, नातवाचं नाव विसरणं, घरचा रस्ता चुकणं असं चित्र असतं. किडनीच्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा सुरुवात तिथून होतच नाही. आधी जातो तो स्पीड, मग लक्ष, मग प्लॅनिंग. दोन गोष्टी एका वेळी सांभाळणं जमत नाही, बोलता बोलता मुद्दा सुटतो, पैसे मोजायला वेळ लागतो, निर्णय घ्यायचा कंटाळा येतो. आठवणी बऱ्याच काळ शाबूत राहतात.

असं का होतं? किडनी अन् मेंदू दोघांनाही रक्त खूप लागतं, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. दोन्हीकडे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे अन् ते पूर्ण प्रेशर सहन करत असतं. वर्षानुवर्षं बीपी अन् शुगर वाढलेली राहिली की ज्या प्रकारचं नुकसान किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं होतं तसंच मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचंही होत असतं. फरक एवढाच की किडनीचं लघवीत दिसतं, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जायला लागतं, अन् मेंदूचं बाहेरून दिसत नाही. एमआरआय केला तर कितीतरी किडनी पेशंटमध्ये छोटे छोटे स्ट्रोक होऊन गेलेले सापडतात जे कोणालाच कळले नव्हते, ना हात वाकडा झाला ना तोंड. त्यात भर म्हणून रक्तात साठणारी घाण, इंडॉक्सिल सल्फेटसारखी काही द्रव्यं प्रोटीनला चिकटून बसतात अन् डायलिसिसने नीट निघतच नाहीत. वरून अॅनिमिया, झोप नीट नाही, डिप्रेशन.

हे फक्त डायलिसिसवाल्यांचं नाही, हे मला ठासून सांगायचंय. अमेरिकेत २३ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये छापून आला, त्यात ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ६० च्या खाली गेल्यावर दर १० पॉइंट घसरणीमागे डोकं मंदावल्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे ज्याला डॉक्टर म्हणतात “स्टेज तीन आहे, घाबरायचं काही नाही”, त्याच्यापासूनच हे सुरू होऊ शकतं. अन् डायलिसिसवाल्यांचं तर विचारूच नका. २००६ चा मिनेसोटातला अभ्यास आहे, ५५ वर्षांवरचे हिमोडायलिसिसचे पेशंट घेऊन नीट टेस्ट केल्या, ३७ टक्के लोकांमध्ये तीव्र अन् आणखी ३६ टक्क्यांमध्ये मध्यम बिघाड निघाला. आणि फाइलमध्ये याची नोंद किती जणांच्या होती? ३ टक्क्यांच्याही आत. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्याच युनिटमधल्या फायली डोळ्यासमोर आल्या. हेपेटायटिसची नोंद असते, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशनने जोडलेली नस) कोणत्या हातात ते लाल पेनाने लिहिलेलं असतं, पण “सूचना समजायला वेळ लागतो” असं लिहिलेली फाइल मी पाहिलेली नाही.

डायलिसिसच्या मेंदूवरच्या परिणामाचा एक जुना इतिहासही आहे, तो आमच्या लायनीतल्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे. १९७० च्या आसपास डायलिसिसवरच्या काही पेशंटना एक भयानक आजार व्हायला लागला, आधी बोलणं अडखळायचं, मग हातपाय झटके द्यायचे, मग फिट, मग भान जायचं अन् काही महिन्यांत माणूस जायचा. डेन्व्हरच्या डॉ. आल्फ्रे यांनी १९७२ मध्ये त्यावर लिहिलं अन् १९७६ मध्ये दाखवून दिलं की यामागे अॅल्युमिनियम आहे. ते येत होतं डायलिसिसच्या पाण्यातून, अन् फॉस्फरस कमी करायला देत होते त्या अॅल्युमिनियमच्या औषधातून. नळाचं पाणी स्वच्छ करायला तुरटी वापरतात, तुरटीत अॅल्युमिनियम असतं. आपण पितो तेव्हा त्यातलं फार थोडं रक्तात जातं, अन् गेलेलं किडनी काढून टाकते. पण मशीनवर मिनिटाला ५०० एमएल डायलिसेट (रक्त साफ करायला पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रव), चार तासांत १२० लीटर, पेशंटच्या रक्ताशेजारून पातळ पडद्याच्या पलीकडून वाहतं. आज आरओचं पाणी असतं, अॅल्युमिनियमची मर्यादा लीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणून तो आजार जवळपास संपला. पेशंटचे नातेवाईक मला विचारतात की सकाळी पहिली शिफ्ट लावायच्या आधी तुम्ही त्या आरओ रूममध्ये काय करता एवढा वेळ. मी क्लोरिन तपासते, हार्डनेस तपासते, कंडक्टिव्हिटी बघते अन् रजिस्टरमध्ये लिहिते. त्या खोलीत कोणी घाई केलेली मला चालत नाही. आणि घरच्यांनीही एक लक्षात ठेवा, अॅसिडिटीसाठी मेडिकलमधून जे पातळ जेल आणतात त्यातल्या बऱ्याच औषधांत अॅल्युमिनियम अन् मॅग्नेशियम असतं, किडनीच्या पेशंटला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

आता आपल्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मे आला की ४४, ४५ डिग्री, कुलर लावूनही घसा कोरडाच, अन् पेशंटला सांगितलेलं असतं की लघवी होते तेवढं अधिक अर्धा लीटर, एवढंच पाणी दिवसभरात. कोणाला जमेल? भंडाऱ्याहून, काटोलहून बसने येणारे लोक आहेत, उन्हात उतरून युनिटपर्यंत यायचं, रस्त्यात उसाचा रस दिसतो, मठ्ठा दिसतो. तीन-साडेतीन किलो वाढून येतात. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करणारे तर आणखी जास्त. मग ते सगळं पाणी चार तासांत ओढायचं. शरीराच्या एका किलोमागे तासाला १३ एमएलच्या वर ओढू नये असं धरतात, पण वजन ५० किलो अन् ओढायचं साडेतीन लीटर असेल तर हिशोब केव्हाच त्याच्या वर जातो. बीपी पडतो, घाम फुटतो, जांभया येतात, माणूस गप्प होतो. आम्ही सलाइन देतो, पाय वर करतो, सावरतात. पण बीपी पडला की मेंदूचं रक्तही कमी झालेलं असतं, आणि बीपी न पडताही डायलिसिस चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, हे स्कॅनमध्ये मोजलेलं आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं हा धक्का.

डायलिसेट थोडं गार ठेवलं तर बीपी कमी पडतो. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ७३ पेशंटवरचा अभ्यास आला, शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा डिग्री गार डायलिसेट वापरलेल्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाचं नुकसान वर्षभरात वाढलं नाही, बाकीच्यांचं वाढलं. नंतर २०२२ मध्ये कॅनडातल्या खूप मोठ्या ट्रायलमध्ये गार डायलिसेटने हृदयाच्या बाबतीत काही फायदा दिसला नाही अन् पेशंटना थंडी जास्त वाजली. म्हणून सरसकट सगळ्यांना करा असं मी म्हणणार नाही, पण ज्याचा बीपी वारंवार पडतो त्याच्याबद्दल डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे, मशीनवर एक बटण दाबायचं काम आहे. अन् चौथा तास पूर्ण होऊ द्या. “आज साडेतीनच करा, बस सुटते” हे रोजचं आहे, मला त्यांची अडचण कळते, पण त्या अर्ध्या तासाचं पाणी मग साडेतीन तासांतच ओढावं लागतं.

आणि आता ज्या गोष्टीमुळे माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो ती. आपण किडनीच्या पेशंटकडून अपेक्षा काय करतो बघा. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणाच्या घासाबरोबर, आधी नाही नंतर नाही. बीपीची गोळी रोज सकाळी, पण डायलिसिसच्या दिवशी नंतर, पण वरचा १८० असेल तर घ्यायची. लोहाची गोळी त्या फॉस्फरसच्या गोळीबरोबर नाही. भाजी चिरून पाण्यात उकळून पाणी फेकायचं. पालक नको, टमाटर नको, केळं नको, नारळपाणी नको, पण शुगर कमी झाली तर लगेच साखर. इन्सुलिन डायलिसिसच्या दिवशी कमी. पाणी, चहा, वरण, ताक सगळं मिळून ८०० एमएल. हे सगळं सांभाळायला जे डोकं लागतं, क्रम लावणारं, मोजणारं, मोह झाला तर थांबणारं, नेमकं तेच डोकं हा आजार आधी घेऊन जातो. मग माणूस चुकतो, अन् आपण म्हणतो “ऐकतच नाही”, सून म्हणते “मुद्दाम करतात”, आमचे लोक फाइलवर लिहितात नॉन-कम्प्लायंट. मला तो शब्द फाइलवर बघवत नाही. ज्याला जमत नाही त्याला आपण हट्टी म्हणतो अन् तो बिचारा मान खाली घालून ऐकून घेतो, कारण काय बिनसलंय ते त्यालाही सांगता येत नाही.

काकाजींच्या घरी मग काय केलं ते सांगते, कारण ते खरंच उपयोगी पडलं. सुनेने गोळ्यांचा डबा आणला, आठवड्याच्या वारांचा, अन् डायलिसिसच्या तीन वारांच्या खणांवर लाल टिकली चिकटवली. फॉस्फरसची गोळी डब्यात नाही, ती ताटात, पोळीच्या बाजूला मिठासारखी वाढलेली. पाण्याची एकच बाटली, सकाळी भरायची, चहा दिला की तेवढं पाणी त्याच्यातून ओतून टाकायचं, बाटली संपली की दिवस संपला. आता त्यांना आकडे लक्षात ठेवायचंच काम उरलं नाही. अन् आम्ही काट्याजवळ एक स्टूल ठेवलं, चपला अन् पिशवी इथे, असं मोठ्या अक्षरात लिहून, ते सगळ्याच पेशंटना कामी आलं. काकाजींचं वाढून येणारं वजन खरंच कमी झालं, रागावून कधी झालं नव्हतं.

अजून एक, महत्त्वाच्या गोष्टी मशीनवर असताना विचारू नका. २००७ मध्ये पेशंटच्या डायलिसिसच्या दिवशी वेगवेगळ्या वेळी अन् दुसऱ्या दिवशी टेस्ट घेऊन पाहिलं होतं, डायलिसिस चालू असताना डोकं सगळ्यात मंद असतं, अन् डायलिसिसच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यात बरं. आणि आपल्याकडे होतं काय, सगळे कागद, संमती, ट्रान्सप्लांटची चर्चा, डाएटिशियनचं लेक्चर, सगळं माणूस बेडवर सापडला म्हणून तिथेच. जमिनीच्या कागदावर सह्या घ्यायला आलेले नातेवाईकही मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोला, एका वेळी एकच गोष्ट, अन् घरातल्या अजून एकाला बाजूला बसवून.

पण सगळंच “किडनीमुळे झालं असेल” म्हणून सोडून देऊ नका, हे उलटं टोकही धोक्याचं आहे. हळूहळू वर्षभरात मंद होणं वेगळं अन् दोन दिवसांत माणूस बरळायला लागणं, दिवसा झोपणं, रात्री उठून बसणं, हे वेगळं. ते अचानक झालं तर त्याच दिवशी दवाखाना. बहुतेक वेळा कारण सापडतं अन् दुरुस्त होतं. तळपायाच्या आगीसाठी दिलेली प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन, कंबर धरली म्हणून दिलेली बॅक्लोफेन, ही औषधं किडनीतून बाहेर जातात, किडनी नसेल तर साठतात अन् माणूस गुंगून पडतो. सेफेपीमसारखं अँटिबायोटिक डोस कमी न करता दिलं तरी तेच. (स्वतःहून एकदम बंद करू नका, बॅक्लोफेन एकदम तोडली तर आणखी त्रास होतो, आधी डॉक्टरला फोन.) इन्सुलिनही किडनी खराब झाल्यावर शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून जुनाच डोस चालू असेल तर शुगर खाली जाते अन् घरचे समजतात वेड लागलं. इन्फेक्शन, सोडियम कमी-जास्त होणं, डोक्याला मार लागून साठलेलं रक्त, हीही कारणं असतात. डायलिसिसला रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतो, त्यामुळे पडल्या-झडल्याचं लगेच सांगा.

अन् कमरख. शाळेसमोरच्या ठेल्यावर तिखट-मीठ लावून मिळतं ते, चांदणीसारखे काप होतात ते फळ. किडनीच्या पेशंटने ते एकही खाऊ नये, रसही नाही. त्यात मेंदूवर परिणाम करणारं विष असतं जे चांगली किडनी काढून टाकते. न थांबणारी उचकी लागते, उलट्या होतात, मग बरळणं, फिट, अन् जीवही जातो. संत्री-केळ्याचं सगळे सांगतात, हे सांगत नाहीत, म्हणून मी युनिटच्या दारावर त्याचं चित्र लावलंय.

ज्यांची किडनी अजून थोडीच बिघडली आहे त्यांच्या हातात जास्त आहे. बीपी नीट ठेवल्याने डोकं वाचतं याचा पुरावा आहे, २०१९ च्या स्प्रिंट माइंड ट्रायलमध्ये वरचा बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये विसरभोळेपणाची सुरुवातीची पायरी १४० वाल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी दिसली. (पूर्ण डिमेन्शियाच्या बाबतीत फरक तेवढा पक्का निघाला नाही. अन् तुमचा आकडा किती हवा ते तुमचा डॉक्टर ठरवेल, डायलिसिसवाल्यांनी हा आकडा उचलू नये.) ट्रान्सप्लांट झालेल्या बऱ्याच लोकांचं डोकं पुन्हा चांगलं चालायला लागतं, हे मी स्वतः पाहिलंय, आमच्याकडची एक मुलगी ट्रान्सप्लांटनंतर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे, मशीनवर असताना तिला पेपरचा एक कॉलम पूर्ण वाचून होत नव्हता. म्हणून जो लायक आहे त्याने नाव नोंदवायला उशीर करू नका, विदर्भासाठी अवयव वाटपाचं केंद्र, झेडटीसीसी, नागपुरातच आहे.

घरच्यांनी पुढच्या ओपीडीला जाताना एवढं करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्या, भस्मं, कोणी गावाहून आणून दिलेलं चूर्ण, सगळं एका पिशवीत घालून न्या अन् टेबलावर ओता. हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड कधी झालं ते विचारा. रात्री घोरतात का, मधात श्वास थांबतो का, ते सांगा. कान तपासा, ऐकूच येत नाही अन् आपण समजतो कळत नाही, असेही पेशंट आहेत. मग सरळ म्हणा, डॉक्टर, यांची मोका टेस्ट करा. कागद-पेनची टेस्ट आहे, ३० मार्कांची, दहा मिनिटं लागतात, त्यात घड्याळ काढायला लावतात, आकडे अन् अक्षरं क्रमाने जोडायला लावतात, म्हणजे जे आधी जातं तेच तपासतात. डायलिसिसच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चष्मा लावून. अन् जो मार्क येईल तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे आमच्यासारख्यांनाही कळेल की या माणसाशी हळू बोलायचंय.